तांब्याचे जुने नाणे ग्रेडिंगला पाठवावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: एका नातेवाइकांच्या संग्रहातून आपल्याकडे अमेरिकेचा १८५१ सालचा तांब्याचा मोठा सेंट आला आहे. नाणे बहुतेक गडद तपकिरी आहे, मागच्या बाजूला अक्षरांच्या कडेकडेने थोडी मूळची लाली उरली आहे आणि काठाजवळ मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसतो. इतकी वर्षे ते अल्बमच्या मऊ प्लॅस्टिकच्या कप्प्यात होते. एका परिचितांनी ते आधी स्वच्छ करायला सांगितले, दुसऱ्यांनी ग्रेडिंग (म्हणजे संस्थेकडून नाणे तपासून, दर्जाचा अंक देऊन, प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून घेणे) केल्यास किंमत वाढेल असे सांगितले, आणि यांपैकी कोणाचे ऐकावे हे आपण विचारले आहे.

स्वच्छतेबद्दलचे उत्तर सरळ आहे. नाणे घासू नका, पॉलिश लावू नका, कोणत्याही आंबट द्रावात बुडवू नका. ग्रेडिंगचा निर्णय पुढे-मागे केव्हाही घेता येईल, पण तांब्याचा घासलेला पृष्ठभाग पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. ग्रेडिंगबद्दलचे उत्तर मात्र थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण ‘किंमत वाढेल’ हे विधान जसे सांगितले जाते तसे खरे नाही.

ग्रेडिंगने नाण्याची किंमत वाढत नाही. नाण्याविषयी खरेदीदाराच्या मनात जी शंका असते ती ग्रेडिंगने कमी होते, आणि ती शंका जितकी मोठी व जितकी महाग असेल तितका ग्रेडिंगचा उपयोग अधिक. म्हणून पाठवावे की नाही हे ठरवण्यापूर्वी माझ्या नाण्याबाबत नेमकी कोणती शंका मिटवायची आहे, हे स्वतःला विचारावे. ते अस्सल आहे का ही शंका आहे, पृष्ठभाग मूळचा आहे का ही आहे, की झीज किती झाली याबद्दल मतभेद होण्यासारखी स्थिती आहे? यांपैकी एकही शंका नसेल, किंवा असूनही तिच्यावर फारसे काही अवलंबून नसेल, तर आपण एका प्लॅस्टिकच्या डबीचे पैसे देत आहोत असे समजावे.

आज जगभर वापरली जाणारी १ ते ७० अंकांची प्रतवारी मुळात तांब्याच्याच नाण्यांसाठी तयार झाली होती. नाणेतज्ज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या सुरुवातीच्या मोठ्या सेंटांसाठी ती मांडली. अगदी तळाच्या, जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची जी किंमत, तिच्या सत्तर पट किंमत निर्दोष नाण्याची, अशी त्यामागची कल्पना होती. किमतींचे ते गणित फार काळ टिकले नाही, पण अंक टिकले आणि पुढे सोन्याचांदीच्या नाण्यांनाही लागू झाले. पीसीजीएस या ग्रेडिंग संस्थेने १९८६ साली आणि एनजीसी या दुसऱ्या संस्थेने १९८७ साली नाणी तपासून, अंक देऊन, बंद डबीत घालून परत करण्याची पद्धत सुरू केली. त्या डबीला सगळे जण ‘स्लॅब’ म्हणतात. ६० ते ७० हे अंक चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी, ५० ते ५८ अगदी किंचित झिजलेल्यांसाठी, ४० व ४५ थोड्या झिजलेल्यांसाठी, आणि त्याखाली उतरत उतरत १ पर्यंत, अशी ती उतरंड आहे.

तांब्याच्या बाबतीत या अंकाला रंगाची आणखी एक खूण जोडली जाते. मूळची लाली सुमारे ९५ टक्के किंवा त्याहून अधिक उरली असेल तर ‘रेड’, ५ टक्क्यांपेक्षा कमी उरली असेल तर ‘ब्राउन’, आणि मधल्या सगळ्यांना ‘रेड-ब्राउन’. आपल्या वर्णनावरून नाणे फार तर रेड-ब्राउनच्या खालच्या टोकाला आणि बहुधा ब्राउनमध्येच बसेल. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. दीडशेहून अधिक वर्षांचे तांबे तपकिरी होणे हा त्याचा स्वभाव आहे, आणि एकसारख्या, तुकतुकीत, गडद तपकिरी रंगाचे नाणे अर्धवट लाल व डागाळलेल्या नाण्यापेक्षा मला तरी केव्हाही अधिक प्रिय आहे.

आता पृष्ठभागाकडे येऊ, कारण तांब्याच्या नाण्याचा खरा निकाल तिथेच लागतो. चांदीचे नाणे काळवंडले तरी बरेच सोसते. तांबे मात्र हवेतली आर्द्रता, गंधकाची संयुगे, बोटांवरचा घाम, हलक्या प्रतीच्या कागदातली आम्ले अशा सगळ्यांशी सतत काही ना काही देवाणघेवाण करीत असते. टांकसाळीतून बाहेर पडताना जी लाली असते तिच्यावर आधी ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो सावकाश तपकिरी होतो. हा थर संरक्षक असतो. कोणी तो घासून काढला की खाली उघडे पडलेले तांबे भडक, गुलाबी-नारिंगी दिसते. मूळच्या लालीत जी खोली असते ती त्यात नसते. काही वर्षांनी हेच नाणे पुन्हा तपकिरी होते, पण ठिगळ लावल्यासारखे, आणि अक्षरांच्या खाचांत वेगळाच रंग राहतो. काही जण ते लपवण्यासाठी गंधकयुक्त मलमाने नाणे कृत्रिमरीत्या काळपट करतात. जाणत्या नजरेला हे सगळे कळते, आणि ग्रेडिंग संस्था अशा नाण्याला अंक न देता ‘डिटेल्स’ असा शेरा मारतात. त्याचा अर्थ असा की नक्षीकाम अमुक दर्जाचे उरले आहे, पण नाणे स्वच्छ केलेले, ओरखडलेले किंवा गंजलेले आहे. डिटेल्सचा शेरा मिळालेल्या साध्या, म्हणजे सहज मिळणाऱ्या सालच्या नाण्यावर केलेला खर्च सहसा परत येत नाही.

मी हे स्वतःच्या अनुभवाने शिकलो आहे. अनेक वर्षांपूर्वी मी १८०० च्या सुमाराचा एक सेंट मोठ्या विश्वासाने पाठवला होता. रंग सुरेख, नक्षी स्पष्ट, काठ शाबूत. तो ‘स्वच्छ केलेला’ या शेऱ्यासह परत आला आणि मला प्रथम तो अन्यायच वाटला. मग रात्री टेबलावरच्या दिव्याखाली, एकाच बाजूने प्रकाश पडेल अशा रीतीने नाणे धरून मी ते अगदी सावकाश फिरवले. एका ठरावीक कोनात, नाण्यावरच्या स्त्रीमुखाच्या मानेपुढच्या मोकळ्या जागेत, केसांहून बारीक अशा समांतर रेघांचा एक झुपका क्षणभर चमकला आणि लगेच नाहीसा झाला. कोणीतरी कधीतरी फडक्याने ते एकाच दिशेने पुसले होते. मी आधी नाणे सरळ वरच्या उजेडात पाहिले होते, आणि त्या उजेडात या रेघा दिसतच नाहीत.

आपणही हीच तपासणी आधी करावी. खोलीतले बाकी दिवे मालवावे, एकच प्रखर दिवा ठेवावा, खाली मऊ कापड अंथरावे, नाणे फक्त काठाला धरावे आणि पाच ते दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहत ते हळूहळू कलते करावे. चलनात न फिरलेल्या नाण्यावर चमक चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरताना दिसते. तपकिरी नाण्यावरही ती दिसते, फक्त ती मंद असते. आपल्या नाण्यावर डोक्यावरचे केस, कानावरची बट, मुकुटाचे टोक आणि मागच्या बाजूला पानांचे उंचवटे येथे झीज सर्वांत आधी दिसेल, कारण घर्षण उंच भागांवर होते. तिथला रंग शेजारच्या खोलगट भागापेक्षा वेगळा, निस्तेज आणि सपाट वाटला, तर नाणे चलनात फिरलेले आहे. छाप मुळातच पुसट उठलेली असू शकते हेही ध्यानात ठेवावे. अशा वेळी उंचवटे अस्पष्ट असतात पण त्यांवरची चमक अखंड असते. नवशिक्यांची सर्वांत जास्त गल्लत इथेच होते.

हिरव्या ठिपक्याचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नातली तातडीची बाब तीच आहे. तांब्यावरचे सगळे हिरवे सारखे नसते. भिंगाखाली ते चिकट, अर्धपारदर्शक, तेलकट पातळ थरासारखे दिसले आणि अक्षरांच्या कडांना साचलेले असले, तर तो अल्बमच्या मऊ प्लॅस्टिकचा प्रताप आहे. पीव्हीसी नावाचे ते प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात जी द्रव्ये मिसळलेली असतात ती काळाने झिरपतात, आणि प्लॅस्टिकचे विघटन होताना निघणारे आम्ल तांब्याला लागते. ते कडक, गडद हिरवे, पृष्ठभागाशी एकजीव झालेले असेल, तर तो जुना स्थिरावलेला कळंक आहे आणि त्याला हात न लावणेच उत्तम. ते फिकट हिरवे, कोरडे, पिठासारखे भुरभुरीत असेल आणि त्याखाली खड्डा असेल, तर क्लोराइडमुळे लागलेला चालता गंज असण्याची भीती आहे. दमट हवेत तो पसरत जातो. नाणे कोरडे ठेवणे हा त्यावरचा पहिला उपाय.

पहिल्या प्रकारात, म्हणजे प्लॅस्टिकचा चिकट अंश असेल तर, शुद्ध ॲसिटोन वापरता येते. ते तांब्याचा ऑक्साइडचा थर काढत नाही, फक्त तेलकट व चिकट पदार्थ विरघळवते. नखांचे रंग काढण्यासाठी मिळणाऱ्या द्रावात इतरही पदार्थ असतात, म्हणून तो चालणार नाही. काचेच्या भांड्यात, उघड्या खिडकीपाशी, ज्योतीपासून दूर, नाणे काही मिनिटे बुडवून ठेवावे, ताज्या ॲसिटोनमधून एकदा काढावे आणि न पुसता हवेत सुकू द्यावे. मी याला स्वच्छता म्हणत नाही, कारण नाण्याचा स्वतःचा कोणताही थर यात जात नाही. तरीही हात थरथरत असेल किंवा ठिपक्याच्या प्रकाराबद्दल खात्री नसेल, तर ते व्यावसायिक संवर्धकाकडे सोपवावे. एनजीसीशी संलग्न अशी एनसीएस नावाची सेवा नेमके हेच काम करते. प्लॅस्टिकचा चिकट अंश असलेली नाणी ग्रेडिंग संस्था बहुधा डबीत बंद करीत नाहीत, कारण आतल्या आत नुकसान चालूच राहते. म्हणजे ठिपक्याचा उलगडा होण्याआधी नाणे पाठवणे हे पैसे घालवून नकार विकत घेण्यासारखे आहे.

अस्सलपणाची शंका आपल्या नाण्याबाबत कमी आहे. १८५१ साली हे सेंट सुमारे ९९ लाख पाडले गेले. इतक्या साध्या सालाची नक्कल करून फारसे काही मिळत नाही. तरी वजन जरूर करावे. त्या काळच्या मोठ्या सेंटाचे ठरलेले वजन १०.८९ ग्रॅम होते आणि काठ गुळगुळीत असे. झिजलेल्या नाण्यात थोडी घट चालते, पण एक-दीड ग्रॅमचा फरक असेल तर थांबावे. एकोणिसाव्या शतकात दुर्मीळ सेंटांच्या विद्युत्-विलेपनाने प्रतिकृती केल्या जात. दोन पातळ कवचे जोडून आत शिसे भरलेले असे, आणि काठावर भिंग फिरवले की जोडाची रेघ सापडते.

काही नाण्यांत मात्र अस्सलपणा हाच ग्रेडिंगचे मुख्य कारण असतो. १९१४ सालच्या डेन्व्हर टांकसाळीच्या सेंटचे उदाहरण घ्या. १९४४ च्या डेन्व्हर सेंटमधला पहिला ४ खरवडून त्याचा १ करतात आणि ते नाणे १९१४ चे म्हणून खपवतात. पण खांद्याखाली नाणेकाराची ‘व्हीडीबी’ ही आद्याक्षरे दिसली की बनाव उघड होतो, कारण ती अक्षरे त्या जागी १९१८ पासूनच आली. १९४३ चा सेंट पोलादाचा होता, आणि चुकून तांबे-मिश्रधातूवर पाडला गेलेला त्या सालचा सेंट अतिशय दुर्मीळ आहे. आपल्याला सापडलेला ‘तांब्याचा १९४३’ जवळजवळ नेहमी तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी निघतो आणि साधे लोहचुंबक त्याचा निकाल लावते. चुंबकाने भागत असेल तर संस्थेला शुल्क देण्याचे कारण नाही, आणि चुंबक, वजन व भिंग या तिन्हींतून नाणे पार पडले तर मात्र संस्थेच्या दाखल्याशिवाय कोणीही त्यावर विश्वास ठेवणार नाही. अशा नाण्याबाबत मी क्षणाचाही विचार न करता पाठवा म्हणेन.

खर्चाचे गणित करताना लोक एक चूक हमखास करतात. ते ग्रेडिंगच्या शुल्काची तुलना नाण्याच्या किमतीशी करतात. तुलना व्हायला हवी ती दोन किमतींमधल्या फरकाशी: हेच नाणे डबीशिवाय विकले तर काय मिळेल आणि डबीसह विकले तर काय मिळेल. त्या फरकातून शुल्क, दोन्ही बाजूंचे टपाल, विमा आणि काही संस्थांना लागणारे सदस्यत्व हे सारे वजा करावे. डबीसहची किंमत धरताना आपल्याला वाटणारा अंक धरू नये. त्याहून एक पायरी खालचा धरावा, आणि तरीही गणित जमत असेल तरच पाठवावे. आपल्याच नाण्याकडे पाहताना प्रत्येकाची नजर थोडी उदार होते, माझीही होते. किमती पाहायच्या त्याही प्रत्यक्ष झालेल्या लिलावांच्या, त्याच सालच्या, त्याच अंकाच्या आणि त्याच रंगाच्या नाण्यांच्या. विक्रेत्याने लावलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे.

एका गोष्टीकडे मात्र आवर्जून लक्ष द्या. १८५१ च्या सेंटमध्ये एक प्रकार असा आहे की साच्यावर तारीख आधी उलटी ठोकली गेली आणि मग सरळ ठोकली गेली, त्यामुळे ‘५१’ या अंकांच्या आसपास उलट्या ‘१८’चे अवशेष दिसतात. भिंगातून तारीख नीट पाहा. १८१६ ते १८५७ या काळातल्या मोठ्या सेंटांच्या साच्यांचे प्रकार न्यूकॉम्ब क्रमांकांनी ओळखले जातात, आणि हा प्रकार त्यांत तिसरा आहे. आपले नाणे तसे निघाले तर गणित बदलेल. पण पाठवताना प्रकाराची नोंद करण्याची विनंती वेगळी करावी लागते, नाहीतर डबीवर नुसते साल आणि अंक येतात.

जुन्या अमेरिकन तांब्याच्या जाणकारांची, १९६७ पासून चालत आलेली ‘अर्ली अमेरिकन कॉपर्स’ ही संस्था आहे. तिच्या सभासदांची प्रतवारी ग्रेडिंग संस्थांपेक्षा कडक असते. ते आधी नक्षीच्या स्पष्टतेचा अंक ठरवतात आणि मग गंज, ओरखडे, ठोके यांसाठी त्यातून वजावट करून अंतिम अंक काढतात. त्यामुळे एकाच नाण्याला डबीवर ५५ आणि जाणकाराच्या वहीत ४५ असे होऊ शकते. या क्षेत्रातले अनेक गंभीर संग्राहक नाणी डबीबाहेरच, सुती पाकिटात आणि वर कागदी पाकिटात ठेवतात, हातात घेऊन पाहतात, आणि डबीतले नाणे आणले की डबी फोडतातही. नाणे अशा खरेदीदाराकडेच जाणार असेल तर डबीला अर्थ उरत नाही. नवख्या किंवा दूरच्या खरेदीदाराला, नुसत्या छायाचित्रावरून विकायचे असेल, तर अर्थ पुष्कळ आहे.

डबीत गेले म्हणजे नाणे सुरक्षित झाले, हा समजही सोडायला हवा. स्लॅब हवाबंद नसतो. माझ्याकडच्या एका लाल सेंटवर डबीच्या आत, दमट ऋतूंत लाकडी खणात राहिल्यामुळे, दोन-तीन वर्षांत काळे ठिपके उमटले. दोष डबीचा नव्हता, मी ठेवलेल्या जागेचा होता. तांब्याच्या रंगात पुढे होणाऱ्या बदलाची हमी पीसीजीएस आता देत नाही, आणि ते मला रास्तच वाटते. म्हणून डबीतले तांब्याचे नाणे विकत घेतानाही चिठ्ठीवरचा ‘रेड’ हा शब्द न वाचता नाणे पाहावे, आणि डबीवरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीत तपासून तिथले छायाचित्र ताडून घ्यावे, कारण नकली डब्याही बाजारात असतात.

आपल्या नाण्याबद्दल माझे मत असे आहे. आजच ते त्या मऊ कप्प्यातून बाहेर काढा आणि पीव्हीसी नसलेल्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसह, बंद डब्यात ठेवा. दोन्ही बाजूंची आणि ठिपक्याची स्पष्ट छायाचित्रे काढून त्यांवर तारीख घाला. ठिपका चिकट असेल तर वर सांगितल्याप्रमाणे ॲसिटोन किंवा संवर्धक. भुरभुरीत असेल तर तीन महिने कोरड्यात ठेवून नवी छायाचित्रे जुन्यांशी ताडून पाहा. कलत्या उजेडात बारीक रेघा दिसल्या, किंवा उंचवट्यांवर उघड झीज असली, तर पाठवू नका. नाणे आहे तसेच जपा, त्याची शोभा कमी होत नाही. रेघा नसतील, चमक उंचवट्यांवरूनही अखंड फिरत असेल, ठिपका वाढला नसेल आणि आपल्याला ते खरोखर विकायचे असेल, तर वरचे गणित मांडून पाठवा. तारखेत उलट्या ‘१८’ची खूण दिसली, तर मात्र विकायचे नसले तरी पाठवा, आणि अर्जावर प्रकाराची नोंद मागायला विसरू नका.